तारेवरची हवाई कसरत

विमानांच्या लहान प्रतिकृती तयार करणे आणि त्या उडविणे हा केवळ मनोरंजनाचा छंद नाही. हाताला अचूकपणाची, डोळ्याला अंतराच्या अंदाजाची आणि मनाला संयमाची सवय लावणारे ते एक शिक्षण आहे. भारतात या शिक्षणाचा प्रसार प्रामुख्याने राष्ट्रीय छात्र सेनेच्या वायुदल विभागामार्फत झाला. या विभागाचा आरंभ १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथील प्रत्येकी एका स्क्वाड्रनने झाला. छात्र सैनिकांच्या अखिल भारतीय वायु सैनिक शिबिरातही विमान प्रतिकृतींच्या स्पर्धेला स्थान आहे.

या स्पर्धांतील एक प्रकार प्रेक्षकांचे लक्ष विशेष वेधून घेतो. मैदानाच्या मध्यभागी उभा असलेला उड्डाणकर्ता हातातील मुठीला जोडलेल्या दोन बारीक पोलादी तारांच्या साह्याने विमानाला स्वतःभोवती फिरवितो आणि त्याच्याकडून गिरक्या, चौकोन, त्रिकोण व इंग्रजी आठच्या आकृत्या काढून घेतो. तारनियंत्रित विमानाच्या हवाई कसरती त्या याच. ज्या तरुणांना या स्पर्धेत उतरावयाचे आहे, त्यांनी शिक्षणाचा क्रम कोणता ठेवावा, कोणत्या चुका टाळाव्यात आणि पंच नेमके काय पाहतात, याचा विचार येथे केला आहे.

तारेमागील तत्त्व

तारनियंत्रित उड्डाणाची पद्धत लोकप्रिय करण्याचे श्रेय अमेरिकेतील पोर्टलंड येथील जिम वॉकर यांना दिले जाते. त्यांच्या ‘फायरबॉल’ या विमानाने ही पद्धत घरोघरी पोहोचविली आणि १९४२ साली त्यांना तिचे एकस्व मिळाले. मूळ रचना अतिशय साधी असून ती आजही फारशी बदललेली नाही. विमानाच्या धडापाशी किंवा पंखात बेलक्रँक नावाची एक लहान त्रिकोणी पट्टी खिळीवर फिरती बसविलेली असते. तिच्या दोन टोकांना दोन तारा जोडतात. तिसऱ्या टोकापासून निघालेली काडी शेपटीकडील एलेव्हेटर, म्हणजे वरखाली हलणारी फळी, हलविते. मुठीचे वरचे टोक मागे ओढले की एलेव्हेटर वर उचलला जातो आणि विमानाचे नाक स्वतःच्या पाठीच्या दिशेने वळते. खालचे टोक ओढले की नाक पोटाच्या दिशेने वळते.

संपूर्ण कसरतीचा आधार एकच आहे : तारेतील ताण. पतंग उडविणाऱ्याला ढील देण्याची मुभा असते. तारनियंत्रित विमानात ढील पडणे म्हणजे नियंत्रण जाणे होय. हा ताण विमानाच्या वर्तुळाकार गतीतून निर्माण होतो. उदाहरणार्थ, हात धरून २० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात विमान ५.३ सेकंदांत एक फेरी पूर्ण करीत असेल, तर त्याचा वेग ताशी सुमारे ८५ किलोमीटर असतो आणि ते आपल्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट जोराने तार ओढते. म्हणजेच दीड किलो वजनाचे विमान उड्डाणकर्त्याच्या हातावर सव्वाचार किलोंहून अधिक ओढ देते. डोक्यावरून जाताना मात्र विमानाचे स्वतःचे वजन या ओढीच्या विरुद्ध कार्य करते व ताण कमी होतो. म्हणून डोक्यावरच्या आकृत्या सर्वांत शेवटी शिकाव्या लागतात.

ताण टिकून राहावा म्हणून विमानाच्या रचनेतच काही तजवीज केलेली असते. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणाऱ्या विमानात इंजिन किंचित बाहेरच्या बाजूस वळविलेले असते. बाहेरील पंखाच्या टोकात थोडे शिसे घालून आतील बाजूच्या तारांचे वजन तोलले जाते.

पहिले विमान कसे असावे

स्पर्धेतील सुबक, चकचकीत विमान पाहून नवशिक्याला तसेच विमान हवेसे वाटते. हा मोह टाळणे इष्ट होय. पहिल्या काही महिन्यांत विमान जमिनीवर आपटणार, हे गृहीत धरूनच निवड करावी. ज्याचे धड एकाच सपाट फळीचे आहे, असे विमान यासाठी उत्तम. ते लवकर तयार होते आणि मोडल्यास एका संध्याकाळी जोडता येते. अडीच घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन किंवा तेवढ्याच शक्तीची विजेची मोटर आणि सुमारे १५ ते १६ मीटर लांबीच्या तारा आरंभासाठी पुरेशा होतात.

विमान घडविण्यासाठी बाल्सा हे दक्षिण अमेरिकेत होणारे हलके लाकूड वापरले जाते. बाल्सा निवडताना वजनाकडे लक्ष द्यावे. तथापि धडाचा पुढचा भाग व इंजिनाचा पाया यांत हलकेपणापेक्षा मजबुतीला प्राधान्य द्यावे. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढील एकचतुर्थांशाच्या आत असावा. त्या रेषेवर विमान बोटांच्या टोकांवर धरले असता नाक थोडे खाली झुकले, तर रचना नवशिक्याला योग्य आहे असे समजावे. शेपटी जड असलेले विमान हाताच्या सूक्ष्म हालचालीलाही उसळून उत्तर देते आणि ते सावरणे अनुभवी माणसालाही कठीण जाते.

पुढे स्पर्धेसाठी जी विमाने वापरतात, त्यांच्या पंखांच्या मागील कडेस फ्लॅप असतात. एलेव्हेटर वर गेला की फ्लॅप खाली येतात. त्यामुळे पंखाची उचल वाढते व विमान कोपरा आखडून वळू शकते. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील जॉर्ज ऑल्ड्रिच यांच्या ‘नोब्लर’ या विमानाने अशा रचनेची उपयुक्तता सर्वांच्या लक्षात आणून दिली. नवशिक्याने मात्र गोल गिरक्या हातात बसेपर्यंत फ्लॅपची चिंता करू नये.

शिक्षणाचा क्रम

पहिला धडा जमिनीवरचा आहे. स्वतःभोवती सतत फिरल्याने प्रथम घेरी येते. नजर पार्श्वभूमीवर न ठेवता केवळ विमानावर खिळविली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. आरंभी टाकीत दोन मिनिटे पुरेल एवढेच इंधन घालावे. विजेची मोटर असल्यास वेळदर्शक तेवढाच लावावा.

पहिल्या उड्डाणात मनगट हलवू नये. हात कोपरात ताठ ठेवून संपूर्ण बाहू खांद्यातून हळूहळू वर किंवा खाली न्यावा. नवशिक्याच्या बहुतेक अपघातांचे कारण अपुरे नियंत्रण हे नसून अति नियंत्रण हे असते. विमान जरा वर गेले की तो मनगट झटकून ते खाली आणतो; ते फार खाली आले की तितक्याच जोराने वर ओढतो. तिसऱ्या हेलकाव्याला विमान जमिनीला भिडते. शिक्षकाने पहिल्या काही फेऱ्यांत शिकाऊ उड्डाणकर्त्याच्या मुठीवर स्वतःचा हात ठेवून ही सवय मोडावी.

समपातळीतील उड्डाण स्थिर झाल्यावर हलके चढउतार, नंतर उंच चढ आणि मग वाऱ्याच्या खालच्या बाजूस पहिली गिरकी, असा क्रम ठेवावा. वारा उड्डाणकर्त्याच्या पाठीवर असावा, म्हणजे तो विमानाला बाहेर ढकलतो व तार ताणलेली राहते. वाऱ्याच्या वरच्या बाजूस गिरकी घेतल्यास वारा विमानाला आत लोटतो आणि तार सैल पडते. तशी ती पडलीच, तर क्षणाचाही विलंब न लावता विमानापासून दूर, मागे धाव घ्यावी. दोन-तीन पावलांनी ताण परत येतो आणि विमान बहुधा वाचते.

उलटे उड्डाण : खरी कसोटी

नवशिक्या आणि स्पर्धक यांमधील सीमारेषा म्हणजे उलटे उड्डाण. बाहेरची गिरकी, आठाची आकृती, त्रिकोण, चौपाकळी या सर्वांत विमान कोठे ना कोठे पाठीवर येते. ते आल्यावर हाताच्या हालचालीचा अर्थ उलटा होतो. विमान सरळ असताना जी हालचाल त्याला वर नेते, तीच आता त्याला जमिनीकडे नेते. हे बुद्धीला एका वाक्यात समजते. हाताला ते समजावयास अनेक आठवडे लागतात. कित्येक रात्री जागून तयार केलेले विमान अर्ध्या सेकंदाच्या चुकीने काड्यामोडीचा ढीग होते ते बहुधा येथेच. पुष्कळ होतकरू मुले याच टप्प्यावर छंद सोडून देतात. योग्य क्रमाने शिकल्यास हे नुकसान बरेच टाळता येते.

त्यासाठी उंची हा एकमेव विमा आहे. समपातळीतून आतल्या गिरकीचा अर्धा भाग घेतला की विमान उंचावर पाठीवर येते व विरुद्ध दिशेने जाऊ लागते. तेथे हात मधल्या स्थितीत ठेवून पाव फेरी उलटे जाऊ द्यावे आणि मग मुठीचे वरचे टोक ओढून उरलेली अर्धी गिरकी पूर्ण करावी. विमान सरळ होऊन खाली येते. या उंचीवर घाबरून वरचे टोक ओढले गेले, तरी परिणाम सुटकेचाच होतो. पाव फेरीची अर्धी, अर्धीची पूर्ण फेरी करीत जावे.

धोका उद्भवतो तो विमान नकळत खाली सरकू लागल्यावर. अर्धी गिरकी पुरी होईल एवढी उंची उरली नाही, की वरचे टोक ओढणे घातक ठरते. आता फक्त खालचे टोक ओढूनच विमान वर जाऊ शकते. म्हणून प्रत्येक उलट्या फेरीत खालचे टोक हलकेच ओढून विमान वर चढते हे अनुभवावे आणि हाताला त्याची खात्री पटू द्यावी. घरी एका काडीवर विमानाची लहान आकृती बसवून ती उलटी धरावी व ‘वर जावयाचे आहे, तर हात कोणीकडे?’ असा सराव करावा. वर्गाच्या कोपऱ्यात पाच मिनिटांत करता येणारा हा अभ्यास एखादे विमान वाचवू शकतो. इंधन संपत आले असेल, तेव्हा उलटे उड्डाण करू नये. इंजिन बंद पडलेले विमान सरळ करण्यास उंचीही उरत नाही आणि वेगही.

उलटे उड्डाण साधल्यावर बाहेरची गिरकी आपोआप सुलभ होते, कारण ती उलट्या पातळीतून वर चढूनच सुरू करतात. येथे आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. प्रत्येक आतल्या गिरकीने दोन तारांना एक पीळ पडतो आणि प्रत्येक बाहेरच्या गिरकीने तो सुटतो. तीन आतल्या गिरक्यांनंतर तीन बाहेरच्या घेतल्या की हिशेब पुरा होतो. आठाच्या आकृतीत एक गिरकी आतली व एक बाहेरची असल्याने पीळ साठत नाही. थोडा पीळ असतानाही स्वच्छ तारा एकमेकींवरून सहज सरकतात. गंजलेल्या किंवा धुळीने माखलेल्या तारा मात्र अडकतात. म्हणून सरावापूर्वी तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

पंच काय पाहतात

आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाच्या नियमावलीत या स्पर्धेला ‘एफ-टू-बी’ अशी संज्ञा आहे. तारांची लांबी १५ ते २१.५ मीटर असावी लागते. उड्डाणासाठी सात मिनिटांचा अवधी मिळतो आणि आकृत्यांचा क्रम ठरलेला असतो. उड्डाण घेतल्यानंतर डोक्यावरून जाणारा उलटा पल्ला, तीन आतल्या गिरक्या, दोन उलट्या फेऱ्या, तीन बाहेरच्या गिरक्या, आतले व बाहेरचे चौकोन, त्रिकोण, आडवे आठ, चौकोनी आडवे आठ, उभे आठ, वाळूच्या घड्याळाचा आकार, डोक्यावरचे आठ, चौपाकळी आणि शेवटी उतरणे, असा तो क्रम होय. प्रत्येक आकृतीला १० पर्यंत गुण देऊन ते तिच्या काठिण्यानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणले जातात. जी आकृती केली नाही, तिला शून्य गुण मिळतात.

या यादीकडे पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. ही धाडसाची स्पर्धा नसून भूमितीची आहे. जमिनीला घासून जाणारे विमान प्रेक्षकांच्या टाळ्या मिळविते, पंचांचे गुण नव्हे. पंच तीन गोष्टी पाहतात : आकृतीचा आकार, तिचे मोजमाप आणि तिची जागा.

समपातळीतील उड्डाणाची उंची दीड मीटर असते आणि बहुतेक आकृत्या तेथूनच सुरू होऊन तेथेच संपावयास हव्यात. ही उंची मध्यम बांध्याच्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळची आहे. म्हणून विमान दूरच्या क्षितिजरेषेवर चालले आहे असे दिसले, की उंची योग्य समजावी. उंचीने लहान असलेल्या छात्रांनी वर्तुळाबाहेर दीड मीटर उंचीच्या काठ्या रोवून नजरेला खूण द्यावी. गिरक्या, चौकोन व आडवे आठ यांचा माथा ४५ अंशांच्या कोनावर यावा लागतो. हात जमिनीला समांतर धरला व नंतर थेट डोक्यावर नेला, तर त्याच्या नेमक्या मध्यावर ही रेषा येते. २० मीटर त्रिज्येत हा माथा उड्डाणकर्त्याच्या मुठीपासून सुमारे १४ मीटर उंच असतो. नवशिक्यांची गिरकी बहुधा याहून मोठी होते व तळाशी चपटी होते, कारण जमिनीच्या भीतीने हात आधीच सैल पडतो.

दुसरी आणि तिसरी गिरकी पहिलीच्याच मार्गावरून जावी, ही पुढची अपेक्षा होय. तीन मध्यम पण एकसारख्या गिरक्या या एक उत्कृष्ट आणि दोन वेड्यावाकड्या गिरक्यांपेक्षा अधिक गुण मिळवितात. पंच वर्तुळाबाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे असतात. वर्तुळाच्या केंद्रातून दिसणारी आकृती व त्यांना दिसणारी आकृती एकच नसते. म्हणून सरावाच्या वेळी एका सहकाऱ्याला पंचांच्या जागी उभे करावे, त्याच्याकडून वहीत नोंदी घ्याव्यात आणि उड्डाणानंतर त्या शांतपणे वाचाव्यात. एका दिवसात सर्व आकृत्या करण्यापेक्षा दोनच आकृत्यांवर आठवडाभर मेहनत घेणे अधिक फलदायी ठरते.

सुरक्षितता सर्वप्रथम

सरावाची जागा निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो विजेच्या तारांचा. विमानाच्या तारा पोलादाच्या असून त्या थेट हातात असतात. विजेच्या वाहिनीला त्यांचा स्पर्श झाल्यास मृत्यू ओढवू शकतो. ज्या मैदानाच्या कडेने किंवा वरून अशी वाहिनी गेली आहे, तेथे कितीही सोय असली तरी उड्डाण करू नये. आकाशात गडगडाट सुरू होताच मूठ खाली ठेवावी.

प्रत्येक दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी तारा, मूठ व बेलक्रँक यांची ताणचाचणी घ्यावी. विमान सहकाऱ्याने घट्ट धरावे आणि तराजूच्या काट्याने मूठ विमानाच्या वजनाच्या दहापट जोराने ओढावी. सहाशे ग्रॅमच्या विमानाला सहा किलोंचा ताण द्यावा. तारेला एकही मुरड पडली असेल, तर ती तार बदलावी. मुरड सरळ केली तरी तेथील पोलाद दुबळे झालेले असते. मुठीला जोडलेला सुरक्षा-पट्टा मनगटात अडकविल्याशिवाय विमान सोडू नये. वर्तुळाच्या आत उड्डाणकर्ता व सोडणारा सहकारी यांखेरीज कोणी नसावे, आणि प्रेक्षक वर्तुळापासून पुरेसे दूर असावेत.

फिरता पंखा डोळ्याला दिसत नाही. त्याच्या समोर किंवा बाजूस चेहरा आणू नये. ग्लो इंजिनाच्या इंधनात मिथेनॉल असते. ते विषारी असून त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. विजेच्या मोटरीसाठी वापरल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्या भारित होत असताना त्यांजवळ माणूस असावा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

ऋतू आणि मैदान

महाराष्ट्रात पावसाळा सरल्यानंतर ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातील सकाळ सरावाला सर्वांत अनुकूल असते. मैदानावरील गवत पडत्या विमानाला आधार देते आणि हवा शांत असते. मुंबई व कोकणच्या किनाऱ्यावर दिवस चढल्यावर समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून तेथे सराव सकाळीच आटोपावा. देशावरील उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून वावटळी उठतात. त्यांत डोक्यावरच्या आकृत्या करणे धोक्याचे असते. संक्रांतीच्या सुमारास मैदानावर पडलेला मांजा आधी गोळा करावा. तो पंख्यात गुंडाळला गेल्यास इंजिन तत्काळ बंद पडते.

या छंदासाठी मोठ्या धावपट्टीची गरज नाही. सुमारे ६० मीटर लांबरुंद मोकळे पटांगण, दोन तारा आणि एक जाणता शिक्षक एवढ्यावर शाळा-महाविद्यालयांतील गट उभा राहू शकतो. एका गटाने एकच विमान सामाईक तयार करावे, एकाने उडवावे, दुसऱ्याने सोडावे, तिसऱ्याने नोंद ठेवावी आणि पुढील उड्डाणास भूमिका बदलाव्यात. विमान मोडले, तर ते सर्वांनी मिळून जोडावे. ते का मोडले, याचा शोध घेणारा विद्यार्थी उचल, रोध, गुरुत्वमध्य आणि केंद्राभिमुख बल या संज्ञा पुस्तकाबाहेर शिकतो. स्पर्धेत पदक एकालाच मिळते. दीड मीटरच्या रेषेवर विमान स्थिर ठेवण्याची शिस्त मात्र गटातील प्रत्येकाला मिळवता येते, आणि पुढील प्रत्येक आकृतीचा पाया त्या रेषेवरच घातला जातो.